पंचेचाळीस ग्रॅमचा उंदीर

पद्माकरकाका सोमणांना सापांच्या खोलीत मीच नेलं, ही चूक माझी. आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्यावर मनसोक्त चिडायला मी मोकळी.

काका आमच्याच ब्लॉकमध्ये, सेम्बावांगला, अकराव्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली, त्यातली बारा चीफ इंजिनीयर म्हणून. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत लिफ्टची मोटर, शेजारच्या मिस्टर टॅनचा एसी आणि मधुवंतीकाकूंचं कुकर लावणं, सगळ्यांत दोष काढून झाले. शेवटी काकू मला म्हणाल्या, "अश्लेषा, तुझ्या त्या सापांकडे घेऊन जा गं यांना. एक तर हे सुधारतील, नाहीतर साप तरी."

मी आठवडाभर पाया लेबारच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवारी सापांना जेवू घालते. इथे घरी साप पाळायला बंदी आहे. तरी हौशी लोक कपाटात, पलंगाखाली पाळतात, यथावकाश पकडले जातात आणि त्यांचे साप आमच्या निवारा केंद्रात येतात. परदेशातल्या एखाद्या प्राणिसंग्रहालयात जागा मिळेपर्यंत आम्ही ते सांभाळतो. त्यात सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे जेवण. साप चावून खात नाही, अख्खं गिळतो. म्हणून उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फार जाड नसावा, आणि वजनाने सापाच्या साधारण दहावा हिस्सा. जिवंत कधीच नाही, कारण घाबरलेला उंदीर सापालाच चावतो. फ्रीजरमधला काढायचा, वितळू द्यायचा, गरम पाण्यात ठेवून उबदार करायचा आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. साप घेतो, किंवा तोंड फिरवतो.

काकांना हे भलतंच आवडलं. दुसऱ्याच शनिवारी ते व्हर्नियर कॅलिपर घेऊन हजर. गोठलेल्या उंदरांचे व्यास मोजले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, भिंतीवर तक्ता टांगला. कॉलेजच्या दोन स्वयंसेविकांना त्यांनी उंदीर आणि घसा यांतल्या क्लिअरन्सवर, म्हणजे मोकळ्या फटीवर, वीस मिनिटं व्याख्यान दिलं. त्या "ओके लाह, अंकल" म्हणत मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या. आमच्या पशुवैद्य डॉ. ओंग यांच्याकडे शब्दांची टंचाई असते, पण तक्ता पाहून त्याही "व्हेरी गुड" म्हणाल्या. त्या दोन शब्दांवर काका महिनाभर जगले.

जगायला तसं दुसरं काही नव्हतंच. मधुमेह निघाल्यापासून काकूंनी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला होता. भात साठ ग्रॅम. सुरमईचा तुकडा तळहाताएवढा, तोही काकांच्या नव्हे, काकूंच्या. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होते. काकू आग्रह करकरून मला तिसरी पोळी वाढत होत्या आणि काका माझ्या ताटाकडे बघत होते. मला अगदी घास उतरेना. तरी उतरवला, कारण पोळ्या फार मऊ होत्या.

अशात कोपी आला. साडेचारशे ग्रॅमचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. कॉफीच्या रंगाचा म्हणून नाव कोपी; इथे कॉफीला तसंच म्हणतात. कुणीतरी त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलं होतं. काकांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"अगं, हाडं लागतायत हाताला!"

"आता मिळेल ना त्याला. पंचेचाळीस ग्रॅमचा एक उंदीर, आठवड्यातून एकदा."

"आठवड्यातून एकदा?" काकांचा आवाज चढला. "कैद्यालासुद्धा याहून बरं देतात."

"पुरतं त्याला, काका."

"पुरतं हे कोण म्हणतं? तो म्हणाला?"

मी हसले. हसायला नको होतं.

चीफ इंजिनीयर निवृत्त होतो, पण पंगतीत वाढायला उभा राहिलेला मराठी माणूस मरेपर्यंत निवृत्त होत नाही. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नको म्हटलं की लाजतोय असं समजायचं. कोपीने तर नकोही म्हटलं नाही. मी फ्रीजर पुसत असताना काकांनी मोठ्या अजगराच्या डब्यातला एकशे तीस ग्रॅमचा उंदीर त्याच्यापुढे धरला. स्वतः लावलेला तक्ता त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता. कोपीने अर्धा तास झटून तो गिळला. नोंदवहीत काकांनी लिहिलं, 'उंदीर एक, पंचेचाळीस ग्रॅम', आणि खाली झोकात सही केली. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

मंगळवारी कोपी ओकला. सफाई करणाऱ्याने तो अर्धवट पचलेला गोळा पिशवीत बांधून टाकूनही दिला. डॉ. ओंगनी वही पाहिली आणि सांगितलं, दोन आठवडे काही द्यायचं नाही, मग पंचवीस ग्रॅम. ते दोन आठवडे काका माझ्याशी लिफ्टमध्येही धड बोलले नाहीत. पुढच्या जेवणाच्या शनिवारी त्यांनी वहीत 'पंचवीस' लिहिलं आणि पुन्हा एकशे तीसचाच उंदीर दिला. ओकून पोट रिकामं झालंय, आता चांगलं भरायला हवं, हे आपल्याकडचं घरगुती वैद्यक. सोमवारी कोपी पुन्हा ओकला.

त्यानंतरच्या शनिवारी डॉ. ओंगनी आम्हाला खोलीत बोलावलं. कोपी तीनशे सत्तर ग्रॅमवर आला होता. कातडी सैल पडली होती, वेटोळंही नीट होत नव्हतं. उंदीर योग्य मापाचा, खोलीची ऊब योग्य, आणि तरी दोनदा उलटी. त्यांना अजगरांमधल्या एका संसर्गजन्य रोगाचा संशय होता. त्यावर औषध नाही, आणि त्याच खोलीत आणखी बावीस साप होते.

"थ्री ओक्लॉक, आय पुट हिम डाऊन," त्या म्हणाल्या. तीन वाजता इंजेक्शन देऊन त्याला संपवणार होत्या. घड्याळात सव्वादोन झाले होते. मला रडू फुटलं. सापासाठी रडेन असं मला कधी वाटलं नव्हतं, पण रडले.

काका हातमोज्यांची बोटं ओढत उभे होते. एक ओढलं, दुसरं ओढलं. मग म्हणाले, "डॉक्टर, वेट. रॅट वॉज वन थर्टी ग्रॅम. बोथ टाइम्स."

"यू रोट फॉर्टी-फाइव्ह. देन ट्वेंटी-फाइव्ह."

"येस. आय रोट."

"व्हाय, अंकल?"

काकांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा पाहून घेतलं. "ही लुक्ड हंग्री."

"दॅट इज हिज फेस," डॉ. ओंग म्हणाल्या.

काकांनी वही मागून घेतली. जहाजाच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा लिहून सही करायची. काकांनी दोन्ही नोंदी तशा दुरुस्त केल्या. डॉ. ओंगनी इंजेक्शन परत कपाटात ठेवलं, कोपीला वेगळ्या खोलीत हलवायला सांगितलं आणि स्वयंसेवकांच्या यादीतून काकांचं नाव काढलं.

कोपी वाचला. तीन आठवड्यांनी त्याने वीस ग्रॅमचं पिल्लू घेतलं आणि ते पोटात टिकलं. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी येताना बसमध्ये मी काकांना तोंडाला येईल ते बोलले. चाळीस माणसं जहाजावर तुमच्या आकड्यांवर विश्वासून झोपायची ना, असंही म्हणाले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, कारण ते लिफ्टचं बटण दाबायचंच विसरले होते.

"अहो, आज लवकर?" काकूंनी विचारलं.

काका सरळ टीव्हीखालच्या खणाकडे गेले. त्यांनी साखर मोजायचं मीटर आणि रोजच्या आकड्यांची वही बाहेर काढली. दर वेळी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना दाखवायची ती वही. सहा, पाच पॉइंट नऊ, सहा पॉइंट दोन. इथल्या हिशोबाने आकडे अगदी उत्तम. काकू ती वही आल्यागेल्याला दाखवायच्या. 'माझ्या वजनकाट्याचं यश' म्हणायच्या. डॉक्टर आता गोळी कमी करणार, हे मलाच त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

काकांनी मीटरचं मेमरीचं बटण दाबलं, पहिल्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, अकरा पॉइंट चार, म्हणजे भारतातल्या हिशोबाने दोनशेच्या वर. खाली सही.

"हे काय करताय?"

"हॉकर सेंटरच्या गाड्यांवर खायला जातो मी रोज. चालायला म्हणून." काका वर न बघता म्हणाले. "तीन महिने झाले."

आता त्या ओरडतील म्हणून मी दाराकडे सरकले. त्यांनी चष्मा लावला, शेजारी बसल्या आणि काकांच्या हातातून मीटर काढून घेतलं.

"तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "मी वाचते. बारा पॉइंट एक."

पुढच्या आकड्यासाठी त्यांनी मेमरीचं बटण पुन्हा दाबलं.