अर्थमितीचे आठ जण

परभणीत आमच्या कॉलेजसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एकजण बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलण्याआधी माऊस टेबलावर दोनदा आपटायची त्याला सवय. एमए अर्थशास्त्राचा ऐच्छिक विषय भरायला मी त्याच्याकडे गेले.

"अर्थमिती," मी म्हणाले.

माऊस आपटला. "ताई, लय गणित हाय त्यात. कुणी हात लावंना झालंय. कृषी अर्थशास्त्र टाकू का?"

"नको. पाच जण झाले नाहीत तर अर्थमिती बंद होणार, माहीत आहे. पण मला तीच शिकायचीय."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "जावा बिनघोर."

पहिल्या तासाला मी धास्तावतच गेले. वर्गात चक्क आठ जण होते, पण माझ्याशिवाय सगळ्यांचे चेहरे पडलेले. शेजारच्या मुलीला मी विचारलं, "तू का घेतलीस अर्थमिती?"

"मला कुठं घ्यायची होती!" ती चिडून म्हणाली. "तो फॉर्मवाला म्हणला, लय सोपी हाय, समदे हेच घ्यायलेत."

मी गुपचूप वही उघडली. खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.