तहसीलमार्गे दिल्ली

विधेयकाचा कायदा कसा होतो, हे मी आदिलाबादच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर शिडी काढायची. खालच्या पायरीवर विधेयक मांडणं, मग समिती, मग एकेका कलमावर चर्चा, मतदान, दुसरं सभागृह आणि सर्वांत वर राष्ट्रपतींची सही. समितीच्या पायरीपाशी मी हमखास खडू आपटायचे आणि म्हणायचे, 'इथे जनतेला विचारतात. ही पायरी तुमची.' त्या खडूची आज मला लाज वाटते.

माझा मामेभाऊ बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यात राहतो. दुसऱ्यांच्या कापसावर रोजंदारीनं फवारणी करायचा. एकदा पाठीवरच्या पंपाची नळी सुटली आणि औषध थेट दोन्ही डोळ्यांत गेलं. आता त्याला उजेड तेवढा कळतो. तेव्हापासून तो पंप त्याच्या बायकोच्या पाठीवर आला.

मी रिटायर झाले त्याच वर्षी दिल्लीत कीटकनाशकांवरचं एक विधेयक मांडलं गेलं. फवारताना इजा झाली तर कंपनीनं भरपाई द्यायची, असं त्यात होतं. मी मसुदा छापून आणला, चष्मा पुसून वाचला आणि एका कलमावर पेटलेच. भरपाई कोणाला? तर औषध विकत घेतल्याची पावती ज्याच्या नावावर असेल त्याला. पावती असते शेतमालकाच्या नावावर. पंप घेऊन कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींतून फिरणारा मजूर त्या कलमात नव्हताच. ज्यानं हे लिहिलं त्यानं उभ्या जन्मात फवारणी पाहिली नसणार.

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, माहे डोये तं गेले. मागचं कोनी देत नाई, मले मालूम हाय. पन हिच्यासाठी लिव. दोन शब्द तं घालाचे हायेत."

विधेयक समितीकडे गेलं होतं. ठरावीक मुदतीत लेखी सूचना पाठवा, अशी जाहिरात पेपरात आली. मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. पावतीवाल्यासोबत मजुरीनं फवारणाऱ्यालाही त्या कलमात घ्या, एवढीच मागणी. गावातल्या फवारणाऱ्यांनी खाली सह्या केल्या, कोणी अंगठे दिले. आणि मग मी ती चूक केली, जी जन्मभर सरकारी नोकरी केलेलं माणूसच करू शकतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वरच्या साहेबांना थेट पत्र लिहिलं होतं आणि मेमो खाल्ला होता. त्यानंतर रजा असो की बदली, माझा प्रत्येक कागद 'थ्रू प्रॉपर चॅनल' गेला. हात तसाच वळला. अर्जाच्या माथ्यावर मी 'मार्फत तहसीलदार' असं लिहिलं, कागद तहसील कचेरीत दिला, शिक्क्याची पोच घेतली आणि शहाण्यासारखी घरी येऊन बसले. जाहिरातीत समितीचा दिल्लीचा पत्ता ठळक छापला होता.

मुदत संपल्यावर आठ दिवसांनी मी चौकशीला गेले. कारकुनानं मिसल उघडली. माझा कागद जसाच्या तसा आत होता. वर शेरा, 'जिल्ह्याला पाठवावा काय, आदेश व्हावा.'

"मॅडम, ये तो दिल्ली का कागज है," तो म्हणाला. "हमारे पास कायकू दिए?"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. इतके दिवस कागद दाबून बसलास, तेव्हा तोंड शिवलं होतं का? पण त्याचा प्रश्न बरोबर होता आणि मला राग त्याचाच जास्त आला. तोच कागद मी त्याच दिवशी पोस्टात टाकला. उत्तर आलं नाही. समितीचा अहवाल आला, त्यात कलम होतं तसंच होतं.

चर्चेच्या दिवशी भाऊ आणि भावजय माझ्याकडे आदिलाबादला आले. टीव्ही लावला. आता एकेक कलम घेतील, आपलं आलं की सांगते, असं मी त्याला बजावून ठेवलं. सभागृहात आरडाओरडा चालला होता, तोही दुसऱ्याच कशावरून तरी. त्या गदारोळातच अध्यक्षांनी कलमं पुकारली. एकेक नाही, गठ्ठ्यानं. दोन ते चौतीस. बाजूचे हो म्हणा, विरोधातले ना म्हणा. मंजूर. माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

"अक्का, आपलं कलम कवा येते?" भावानं विचारलं.

"गेलं."

"काऊन? कोनी वाचलं तं नाई!"

सव्वीस वर्षं मी पोरांना सांगितलं की कलमवार चर्चा होते. परीक्षेत पाच मार्कांना विचारलं. एका मुलीनं 'कलमे एकदम मंजूर करतात' असं लिहिलं होतं, तर मी तिचा अर्धा मार्क कापला होता. तिची मला माफी मागायची आहे.

दुसऱ्या सभागृहासाठी मात्र मी तहसीलचं नाव काढलं नाही. आपल्या राज्यातल्या एकूण एक सदस्याला थेट पत्र धाडलं. एका कार्यालयातून छापील उत्तर आलं, 'आपल्या शुभेच्छांबद्दल आभारी आहोत.' शुभेच्छा! पत्रात मी शिव्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. तिथेही तसंच गठ्ठ्यानं उरकलं. पुढे सही झाली, राजपत्रात छापून आलं.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला.

"अक्का, कायदा झाला म्हंतेत."

"झाला."

"फवारनारे हायेत का त्याच्यात?"

"नाहीत."

तो म्हणाला, "बरं. उद्या इचोड्याकडच्या एका वावरात ही जाऊन राह्यली फवाराले."

"जाऊ नको म्हणावं तिला!" मी ओरडले.

"मंग कोन जाईन? तू?"

फोनमध्ये त्याच्या मागे अंगणात पंपाचा दांडा खालीवर होताना ऐकू येत होता. नुसतं पाणी भरून भावजय नळी तपासत असणार. मी फोन ठेवला नाही. तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.