न निसवलेली ओळ

सातू भाजल्याचा वास आला की वडूजचं आमचं रान आणि पाण्याचा डबा घेऊन वाकलेले आप्पा, माझे वडील, दिसतात.

माझ्या संशोधनासाठी थंड देशातलं सातूचं बियाणं त्यांच्या रानात लावलं होतं. शेजारच्या देशी ओळी निसवल्या, कणसं बाहेर आली. ही परदेशी ओळ मात्र गवतासारखी नुसतीच हिरवी. दिवस मोठा झाल्याशिवाय फुलायचं नाही, हा तिचा जातीचाच गुण. आणि आपल्याकडे दिवस मोठा होईतो ऊन तिला जाळणार, हे मला पेरतानाच माहीत होतं. आप्पा मात्र एका हातानं पोट दाबून रोज तिला पाणी घालायचे. त्यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट चार दिवस माझ्या पिशवीत होता.

"ही कवा निसवायची गं?"

"दिस वाढले की."

त्यांनी डबा खाली ठेवला. "तुला बियाणं बघूनच कळतंय. मग माझंबी सांग की. रिपोर्ट आलाय न्हवं?"

मी वहीत डोकं खुपसलं. "निसवंल, आप्पा. तुमी पाणी घाला."

तेव्हा वाटलं, वेळ निभावली. आज कळतं, उत्तर त्यांना तिथंच मिळालं होतं. तरी त्यांनी डबा उचलला आणि ओळीच्या शेवटच्या रोपापर्यंत पाणी घातलं.