ओंडक्याचा झोका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शिकारीचे परवाने मिळत, तेव्हाची गोष्ट. आमचे शेजारी छापलेलं खरं का ते पाहायला नव्या साबणाची वडी तोलत, काडेपेटीतल्या काड्या मोजत. माझ्या काडतुसांची डबी पाहून म्हणाले, "वेग छापला म्हणून गोळी तेवढी पळते काय, भाऊ? चलो, पाहून घेऊ."

पनागर गावच्या एका शेतात त्यांनी दोरांना ओंडका टांगला. त्यांच्या हिशोबानं छापील वेग खरा असेल, तर गोळी लागताच तो वीतभर मागं जायला हवा होता. त्यांनी गोळी झाडली. बाजूला उभा राहून झोका मी मोजला. दोन बोटं कमी भरला. पण त्या वेगाची फुशारकी मी मित्रांपुढं मारली होती. ओरडलो, "पुरी वीत!"

"अच्छा? मग डबीवरचा माझाच संशय चुकून राहिला."

डबीवर विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसानं माझ्यावर ठेवला. पुढं काड्या मोजणंही सोडलं.

ती दोन बोटं त्यांना सांगायची अजून राहिली आहेत.