त्यांना मी पेले धुवायला लावले

मी सात वर्षांची असताना वडिलांची टपाल खात्यात नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली. भवानीपूरमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली. पहिलं वर्षभर गल्लीतल्या मुली खेळायच्या आणि मी नुसती कडेला उभी असायची. मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं तिच्या मुलाचं एक जुनं, पुठ्ठा सुटलेलं पुस्तक मला दिलं. त्यातली चित्रं पाहून मला राहवेना. ते वाचता यावं म्हणून मी बंगाली शिकले.

त्यात नदीच्या तळाशी एक गाव होतं. तिथं पाऊस खालून वर पडायचा, म्हणून लोक छत्र्या उलट्या धरून चालायचे. गावाचा पोस्टमन एक बोकड होता. तो अर्धी पत्रं वाटेतच खाऊन टाकायचा आणि मग दारात उभा राहून खाल्लेला मजकूर तोंडी सांगायचा. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्याही खात्यात असे दोघे आहेत."

आईला बंगाली वाचता येत नव्हतं. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली की मी समोर बसायची. एक वाक्य वाचायचं आणि ते लगेच मराठीत सांगायचं. अशी त्या लेखकाची सहाच्या सहा पुस्तकं आम्ही दोघींनी संपवली, काही तर दोनदा. बोकड पत्र खायला लागला की आईचा हात सुपातच थांबायचा. "अगं, ते आजारपणाचं पत्र तरी नको खाऊ म्हणावं त्याला," असं ती खरोखर काळजीनं म्हणायची. पुस्तकाच्या मागं लेखकाचा फोटो होता. गोल चष्मा, आणि एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर.

मी कॉलेजात गेले तोवर फाळणी होऊन गेली होती. पूर्वेकडून आलेली माणसं सियालदह स्टेशनवर गाड्यांतून उतरत आणि तिथंच राहत. फलाटावर चार विटा मांडून चुली, दोरीवर लुगडी, त्यातूनच वाट काढत ऑफिसला जाणारे लोक. आमच्या कॉलेजातल्या काही मुली सकाळी तिथं मुलांना दूध वाटायला जात. मीही जायला लागले. आमची पुढारी दोन वर्षं पुढची होती, फार वाचलेली, फार ठाम. तिच्यासारखं बोलता यावं असं मला फार वाटायचं. एकदा ती माझ्या घरी येणार होती, तर तिला दिसू नयेत म्हणून मी ती सहा पुस्तकं गठ्ठा बांधून कपाटावर टाकली.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दुधाच्या रांगेत मुलंच नव्हती. पाहते तर फलाटाच्या टोकाला एका पत्र्याच्या पेटीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले आणि वीस-पंचवीस मुलं त्यांच्याभोवती. ते गोष्ट सांगत होते. मी ती भुवई पाहिली आणि ओळखलं.

"दूध थंड होतंय," पुढारी म्हणाली. "या गोष्टीवाल्याला कुणीतरी सांगा जाऊन."

"मी सांगते," मी म्हणाले.

मला कुणी पाठवलं नव्हतं. आपण होऊन गेले. मुलांच्या मागं उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, "ही मुलं कालपासून उपाशी आहेत. परीकथांनी यांची पोटं भरणार आहेत का? ज्यांच्या घरात दोन वेळचं आहे त्यांच्या मुलांना सांगा या गोष्टी."

ते थांबले. माझ्याकडे वर पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. दूध आधी." मुलांना त्यांनी रांगेकडे पिटाळलं आणि मग विचारलं, "तू बंगाली नाहीस ना? पण भाषा फार पुस्तकी बोलतेस. कुठं शिकलीस?"

"पुस्तकांतून."

"कुणाच्या?"

पुढारी मागं येऊन उभी होती. मी म्हणाले, "आता आठवत नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग मला काहीतरी काम दे. रिकामा कशाला बसू?"

पेले धुवायला माणूस कमी होतं. मी नळाकडे बोट दाखवलं. अ‍ॅल्युमिनियमचे साठ-सत्तर पेले होते, आणि पौषातलं पाणी. त्यांनी शाल काढून पेटीवर ठेवली, धोतर सावरलं आणि उकिडवे बसले. सत्तरीच्या आसपासचं वय असेल. मी पाहिलं आणि पुन्हा दूध ओतायला लागले.

त्यानंतर ते रोज यायचे आणि सरळ नळावर जायचे. मुलं त्यांना 'दादू', म्हणजे आजोबा म्हणायची. त्यांच्याभोवती जमून अर्धी राहिलेली गोष्ट मागायची. ते ओल्या हातानं माझ्याकडे बोट करायचे. "दीदी हो म्हणाली तर." त्यात टोमणा नव्हता, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. त्यांना खरंच वाटत होतं की इथला नियम मी केलाय. मी एकदाही हो म्हटलं नाही. रोज घरून निघताना ठरवायची, आज सांगायचं, तुमची सगळी पुस्तकं मी वाचली आहेत, माझ्या आईलाही ती येतात. आणि तिथं पोचलं की जीभ उचलायची नाही. आधी एवढं बोलून बसल्यावर आता कोणत्या तोंडानं सांगू?

दहा-बारा दिवसांनी ते खोकायला लागले. मग यायचे बंद झाले. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. परीक्षा जवळ होती, तीही सबब मिळाली.

फाल्गुनात एका सकाळी वडील इंग्रजी पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, तुमचा तो बोकडवाला गेला."

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसायला लागली. माहेरचं कुणी गेल्यावर रडावं तशी ती रडली. मी खिडकीपाशी उभी राहिले. मला रडायला येईना.

"आपण त्यांच्या घरी जाऊया," आई म्हणाली.

"आई, आपली ओळख नाही."

"माझी आहे," ती म्हणाली.

चार दिवसांनी आम्ही श्यामबाजारकडे ट्रामनं गेलो. घर एका अरुंद गल्लीत होतं. आईच्या नऊवारीकडे लोक वळून पाहत होते. लेखकाच्या पत्नी खाली सतरंजीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरं वस्त्र नेसलेल्या. आईनं आपल्या मोडक्या बंगालीत सांगितलं, "दीदी, मी त्यांची सगळी पुस्तकं ऐकली आहेत. माझी ही मुलगी वाचायची."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मग आपण होऊनच बोलायला लागल्या. "शेवटी शेवटी ते स्टेशनवर जायचे. तिथं कुणी मुलगी होती, तिनं त्यांना काम दिलं म्हणून फार खूश होते. म्हणायचे, गेल्या वीस वर्षांत मला कुणी काम सांगितलं नव्हतं. पण लिहिणं मात्र त्या दिवसापासून सुटलं. नवं पुस्तक निम्मं झालं होतं. मी आठवण केली की म्हणायचे, आधी पेले होऊ देत."

"खोकला फार होता का?" माझ्या तोंडून निघालं.

"खोकला होताच. डॉक्टर म्हणाले, हृदय."

परतीच्या ट्राममध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मराठीत, हलक्या आवाजात विचारलं, "ती मुलगी तू का?"

मी मान हलवली. सगळं सांगितलं, नळाचं, पाण्याचं, 'आठवत नाही' म्हणाले ते. आई रागावेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांच्या घरी बसल्या बसल्या बोलली का नाहीस?"

पुढच्या आठवड्यात मी एकटी त्यांच्या घरी गेले. त्या माऊली नवऱ्याचे कपडे ट्रंकेत भरत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शाल झटकली, चौपदरी घडी केली, ट्रंकेत ठेवली. मग म्हणाल्या, "ही गोष्ट त्यांना सांगायची होतीस, बाळ. मी ऐकून काय करू?"

आवाज चढला नव्हता. त्यांनी मला चहा दिला, सोबत दोन बिस्किटं दिली, आणि मी ती खाल्ली. निघताना त्या म्हणाल्या, "ये मधूनमधून." त्यांनी ते मनापासून म्हटलं की रीत म्हणून, हे मला कळलं नाही.

स्टेशनवर मी उन्हाळ्यापर्यंत जात राहिले. एक लहान मुलगी पेला हातात घेऊन विचारायची, दादूंच्या गोष्टीत पुढं काय झालं. ती गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी तिला म्हणाले, मला माहीत नाही. पोस्टमन बोकडाची सांगू का? ती म्हणाली, नको, तीच. वैशाखात त्या फलाटावरच्या कुटुंबांना ट्रकमध्ये घालून दूरच्या छावण्यांत नेलं. ती मुलगी कुठं गेली, कुणालाच सांगता आलं नाही.

मग मी पास झाले, एका शाळेत शिकवायला लागले, आणि रोजची ट्राम श्यामबाजारवरूनच जायची. त्या गल्लीचं तोंड दिसायचं. दोन-तीनदा उतरलेही. एकदा तर दारापर्यंत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बाई कुणाला तरी जेवायला हाक मारत होती. जेवणाच्या वेळी कुठं जायचं, असं म्हणून मी परत फिरले.