हरवण्याआधीच हरवलेली कुडी

माझ्या उजव्या कानातली कुडी धायरीला हरवली, पण ती हरवल्याचं मी चारचौघांना बरंच आधी सांगून ठेवलं होतं.

आता हे कसं, ते सांगायचं तर आधी आमच्या मुग्धाच्या नादाबद्दल सांगायला हवं. मुग्धा माझी एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिथे तिला जिओकॅशिंगचा नाद लागला. म्हणजे असं, की कुणीतरी एक डबा रानात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकतो. मग दुसरा कुणीतरी रविवारची झोप सोडून तो डबा शोधायला जातो, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितो आणि डबा होता तस्सा परत ठेवून घरी येतो. बास. एवढंच. (आमचे हे म्हणाले, "मग त्याला मिळालं काय?" मुग्धा म्हणाली, "बाबा, डबा मिळाला." यावर ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.)

मला त्यात रस असण्याचं कारण नव्हतं. पण मुग्धा जाताना माझ्या भातुकलीतली पितळी कळशी आठवण म्हणून घेऊन गेली होती. ती बोराएवढी होती, काठाला जरा पोचा आलेली. माझ्या लहानपणी मी तिच्यातून बाहुलीला पाणी पाजायचे आणि मुग्धाच्या लहानपणी मुग्धा. दोन वर्षं झाली तरी मुग्धाला सुट्टी मिळेना, तेव्हा तिने काय करावं? कळशीला नंबरचा एक बिल्ला बांधला, तिथल्या कुठल्याशा जंगलातल्या डब्यात ती ठेवली आणि फोनवर लिहिलं, हिला पुण्याला माझ्या आईकडे जायचंय, आपण त्या बाजूला जात असाल तर कृपया न्यावी.

आणि लोक नेऊ लागले हो! ओळख ना पाळख. एका आजोबांनी नॉर्वेला नेली (उलट्या दिशेला, पण भावना चांगली होती). तिथून ती पोर्तुगालला गेली, मग सिंगापूरला, मग कुणीतरी बेंगळुरूला आणली. मी रोज सकाळी दूध तापायला ठेवून आधी कळशी कुठे पोचली ते बघायचे. त्या काळात दूध रोज उतू गेलं. मुग्धा येत नव्हती, निदान तिच्या हातची कळशी येत होती. ती एकदा माझ्या हातात पडावी, यापलीकडे त्या वर्षी मला काही नको होतं.

एका शनिवारी फोन उघडला तर कळशी धायरीत! कर्वेनगरच्या आमच्या घरातून सिंहगड रोडला लागलं की पुढे धायरी. मी ताबडतोब मुग्धाला फोन लावला. तिला आनंद झालाच, पण आनंद आटोपून तिने मला रीतभात सांगायला घेतली. बाहेरच्या कुणाला संशय येऊ द्यायचा नाही, नाहीतर लोक डबा उचलून नेतात. काही घेतलं तर त्याच्या तोलामोलाचं काही ठेवायचं. डबा होता तसाच झाकायचा. आणि कळशी कायमची ठेवून घ्यायची नाही, थोड्या दिवसांनी पुढच्या डब्यात सोडायची. मी शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेलं. नियम म्हटला की मला गहिवरून येतं. मी सगळं पाठ केलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी माझ्या स्कूटरवर, पुण्यातल्या रिवाजाप्रमाणे डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून. मागून हे त्यांच्या स्कूटरवर आणि त्यांच्या मागे माझ्या सासूबाई. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. "नातीची वस्तू आलीय आणि मी घरी बसू?" एवढंच त्या म्हणाल्या आणि चपला घालून फाटकाशी उभ्या राहिल्या.

जागा म्हणजे एक उंबराचं झाड, त्याला लागून जुन्या शेताचा दगडी बांध आणि समोर एक तीनमजली बंगला. बांधाच्या कुठल्यातरी दगडाआड डबा होता. सासूबाईंना झाडाच्या सावलीत बसवलं, ह्यांना गाड्यांपाशी उभं केलं आणि मी, संशय येऊ नये अशा रीतीने, बांधावर ओणवी झाले. साडी नेसलेली, तोंड झाकलेली बाई रविवारी सकाळी दुसऱ्याच्या बांधाचे दगड हलवतेय. संशय कसला येणार!

"काय शोधताय वो ताई?" बंगल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

या हिराकाकू. बांध त्यांचा, शेत त्यांचं, बहुधा उंबरही त्यांचाच. मला मुग्धाचा पहिला नियम आठवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही हो, कानातली कुडी पडली."

पुण्याच्या पेठेत हे सांगितलं असतं तर "नीट बघा" असं म्हणून खिडकी लागली असती. पण ही धायरी. हिराकाकू चप्पल न घालताच खाली आल्या. त्यांनी सुनेला हाक मारली, सुनेने शेजारणीला. कुणी झाडू आणला, कुणी गव्हाची चाळणी आणली. बघता बघता मुलं, माणसं आणि टोपी घातलेले एक निवृत्त आजोबा असा सगळा लवाजमा माझ्या न हरवलेल्या कुडीसाठी गवतात बसला. आजोबांनी जागेचे भाग पाडून प्रत्येकाला एकेक नेमून दिला. मी प्रत्येकाला राहू द्या, राहू द्या म्हणत होते आणि प्रत्येक जण मला सोन्याला असं म्हणू नये असं बजावत होता.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. कुड्या त्यांनीच मला लग्नात घातलेल्या, त्यांच्या आईच्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मी स्कार्फच्या फटीतून त्यांना डोळा मारला.

"डोळ्यात काय गेलं तुझ्या?" त्या सर्वांसमक्ष म्हणाल्या. मी पुन्हा डोळा मारला. मग त्यांनी ह्यांना हाक मारून सांगितलं, हिला डोळ्याचंही काहीतरी झालंय. हे पाण्याची बाटली घेऊन धावत आले. मी डोळे धुतले. दुसरं काय करणार?

खरी पंचाईत यापुढे झाली. आजोबा म्हणाले, वस्तू कशी दिसते ते माहीत नसताना शोधण्यात अर्थ नाही, दुसऱ्या कानातली दाखवा. सगळ्यांना हे पटलं. हिराकाकू माझा स्कार्फ सोडायला पुढे झाल्या. आणि स्कार्फच्या आत, वाचकहो, माझ्या दोन्ही कानांत दोन कुड्या होत्या!

मी "थांबा, मीच काढते" म्हणून पाठ फिरवली. स्कार्फमध्ये हात घातला आणि उजव्या कानातल्या कुडीची फिरकी सोडू लागले. बेत चांगला होता. कुडी मुठीत घ्यायची, गवतात हात घालायचा आणि "सापडली" म्हणायचं. सगळे खूश, सगळे घरी, मग मी आणि डबा. फिरकी निघाली. कुडीही निघाली. ती घामेजल्या बोटांतून सुटली, पदरावरून घरंगळली आणि ज्या गवतात इतका वेळ ती नव्हती त्या गवतात गेली.

मी मटकन खाली बसले. हिराकाकू सुनेला म्हणाल्या, "बघ गं, आता कुठं ताईंना खरा धक्का बसला." त्यांनी सगळ्यांना जोमाने कामाला लावलं. आता मीही मनापासून शोधत होते. तेवीस वर्षं वर्गात खोटं बोलू नये म्हणून सांगितलं, उरलेली सात वर्षंही तेच सांगितलं, आणि आता देवाने मला फळ्यासमोर उभं केलं होतं. पण निदान इतकी माणसं शोधत होती. मिळाली असती, अगदी नक्की मिळाली असती.

तर हिराकाकूंना डबा मिळाला.

एका सपाट दगडामागून त्यांनी तो ओढून काढला आणि झाकण उघडलं. आत नावांचा कागद, परदेशी नाणं, एक प्लास्टिकचा बेडूक, आणि बिल्ला बांधलेली माझी कळशी. पोचा तसाच होता.

"ही कुणा लेकराची भातुकली दिसती," हिराकाकू म्हणाल्या. "बरी हाय. आमच्या नातीला होईल खेळायला." आणि त्यांनी कळशी पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली.

आता मी काय करावं? गप्प राहिले असते तर कुडी सापडली असती आणि कळशी गेली असती. खरं बोलले तर कळशी मिळणार आणि कुडी... सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. पण ती गाठ बघितली आणि मला राहवेना.

"काकू, ती कळशी माझ्या मुलीची आहे," मी म्हणाले. "कुडी हरवलीच नव्हती. मी खोटं बोलले."

चाळणी हलायची थांबली. मी स्कार्फ फक्त तोंडापुरता खाली ओढला आणि सगळं सांगितलं. जर्मनी, डबे, अक्षांश, नियम. टोपीवाल्या आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मुलीनं ती स्वतःच टाकली, लोकांनी इथं आणली, आता तुम्ही ती घेऊन परत टाकणार. बरोबर?"

"बरोबर."

"मग पोस्टानं का नाही पाठवली?"

हिराकाकूंनी माझा फोन मागून घेतला. नकाशावरची ती वेडीवाकडी रेघ, जर्मनीपासून धायरीपर्यंतची, त्यांनी बोट फिरवून फिरवून पाहिली.

"माझी लेक नागपूरला दिलीय," शेवटी त्या म्हणाल्या. "कामाला हाय, तिला येणं हुत नाय. किती लोकांनी हात लावला म्हणायचा हिला?" आणि पदराची गाठ सोडून त्यांनी कळशी माझ्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या पदरात राहून उबदार झाली होती. मी तिथे सगळ्यांदेखत रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

डबा परत गुप्तपणे ठेवायचा होता. तो मी सगळ्या गल्लीसमोर ठेवला, आणि दगड कुठल्या बाजूने कसा होता ते गल्लीनेच मला सांगितलं. कळशीच्या बदल्यात घरून आणलेला कुंकवाचा चांदीचा करंडा आत ठेवला. मग सगळे झाडू, चाळण्या उचलून निघाले.

"जरा थांबा," मी म्हणाले, "कुडी आता खरंच हरवलीय."

एवढा हशा त्या बांधाने कधी ऐकला नसेल. हिराकाकूंनी डोळे पुसले, ताई लई गमतीच्या हायेत म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. ह्यांनीही गाडी सुरू केली होती, तेही हसत होते.

घरी आल्यावर मी सासूबाईंना उघडा कान दाखवला. त्यांनी चष्मा लावून कान नीट पाहिला. "म्हणजे आज दिवसभरात एक गोष्ट तरी खरी बोललीस," असं म्हणाल्या आणि कळशी मागून घेतली. चिंच लावून त्यांनी ती लख्ख घासली आणि देवाजवळ ठेवली.

ती मला सोडवेना. ठरल्यापेक्षा जास्त दिवस झाले तरी मी काहीबाही कारणं काढत राहिले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माहेरी आलेली लेक चार दिवस राहते. मग पाठवायचीच असते." त्यांनी कळशीत मावतील तेवढे तांदळाचे दाणे घातले, कारण लेकीला रिकामी कोण पाठवतं? (डब्यात धान्य ठेवू नये असाही एक नियम आहे. तो मी त्यांना सांगितला नाही.) कळशी पुढे गेली. आता सासूबाई नाहीत. त्यांच्याशी तेव्हा वाद घालायचे ते आता कुणाशी घालू, असं मला रोज वाटतं. कळशी मात्र फिरतेच आहे, हल्ली जपानमध्ये असते. मुग्धा वर्षातून एकदा येते, आणि आली की आम्ही दोघी नकाशावर ती कुठे आहे ते बघत बसतो.

आणि मी अजूनही अधूनमधून रविवारी धायरीला जाते, उंबराखाली. कुडी सापडेल अशी आशा नाही, पण सासूबाईंच्या आईची कुडी, बघणं सोडवत नाही. मी शोधत असताना कुणी तरुण मुलं येतात, बुटाची नाडी बांधत घुटमळतात, काही हरवलंय का विचारतात. एकदा सगळी गल्ली कामाला लावून झालीय, तेव्हा आता मी "नाही रे, सहज फिरायला आले" असंच सांगते.

परवा त्या डब्याचं पान फोनवर उघडलं. खाली एका मुलाने ताजी नोंद केली होती. "डबा सापडला, जागा सुंदर. मात्र नवीन येणाऱ्यांसाठी सूचना. रविवारी सकाळी इथे एक काकू गवतात ओणव्या असतात. फिरायला आले म्हणतात, पण सरळ खोटं बोलतात. त्या जाईपर्यंत डब्याला हात लावू नये."