अपडेटमध्ये आटलेलं जाकीट

तोंडात टाचण्या असल्या की मास्तरांची मतं जास्त ठाम होत. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्यांची रांग आणि दुसऱ्या कोपऱ्यातून वाक्य. समोर आरशापुढे गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून उभं, अर्धकच्च्या कोटात अडकलेलं. हललं तर टोचणार, बोललं तर टोचणार. असा जागेवर खिळलेला प्रेक्षक भल्याभल्या नटांच्या नशिबी नसतो. मास्तरांना तो रोज मिळायचा.

आणि मतं कशावर? कापडावर नाही, सरकारवर नाही. कॉम्प्युटरवर.

"बंद करायला जावं तर विचारतो, खरंच बंद करायचं का? हो म्हटलं की पुन्हा, नक्की ना? अहो, माझ्या लग्नात मला कुणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं!"

गिऱ्हाईक हसायला लागलं की दटावणी. "हलू नका. आणि ते अपडेट! माझ्या शिलाई मशीनला तेल कधी घालायचं ते मी ठरवतो. तिनं कधी ऐन बाहीत थांबून म्हटलंय का, की जरा दम धरा, मी सुधारून येते?"

दुकान एका खोलीचं. दर्शनी बाजूला कापणीचं उंच टेबल, मागे ट्रायलचा पडदा आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. वयानं दुकानातल्या इस्त्रीच्या बरोबरीचा. चालू केला की दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा, मग बऱ्याच वेळानं पडद्यावर छत्रीचं चित्र यायचं. छत्री ही त्या कंपनीची निशाणी, म्हणून मास्तर तिला 'छत्रीवाले' म्हणत. त्यात मापांचा एक प्रोग्राम होता. नाव टाकलं की गळा, छाती, कंबर, बाही, सगळं हजर.

या प्रोग्रामवरूनच घरात ठिणगी पडली होती.

मास्तरांचा मुलगा पुलांचे आराखडे काढायचा, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. दुकानाची ओढ लागली ती सुनेला. बिलं करायला म्हणून आली आणि काजं-बटणं करता करता अशी रमली की तिच्या हाताची टीप बघून मास्तर मनात म्हणत, ही माझ्या पोटी का नाही जन्माला आली? घरी ती त्यांना 'बाबा' म्हणायची आणि दुकानात 'मास्तर'. भांडायचं असलं की दुकान गाठायची. बाबांशी भांडता येत नाही, मास्तरांशी येतं.

गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यानं तिला कापणी खातं सांभाळायला बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"मला जायचं नाही, मास्तर," ती म्हणाली. "पण नुसत्या टिपा मारत म्हातारी व्हायला मी इथे राहणार नाही. कापणी माझ्या हातात द्या, आणि तो मापांचा प्रोग्राम बदला. जुना आता कधीही मान टाकेल. नवा घेतला की मापं सुरक्षित ढगात राहतात."

"ढगात? म्हणजे पाऊस पडला की कुणाची कंबर कुणाच्या अंगणात?"

"विषय बदलू नका."

मास्तरांना विषय बदलायचाच होता. ती गेली तर त्यांच्या मागे दुकानाला कुलूप, हे त्यांना दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. पण कापणी तिच्या हाती द्यायची म्हणजे एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितली नव्हती.

कॉम्प्युटरमधली सगळी मापं खोटी होती.

खोटी म्हणजे, एके काळी खरी. गिऱ्हाईक यायचं, ऐटीत म्हणायचं, "माप आहे ना तुमच्याकडे? तेच ठेवा." मास्तर म्हणायचे, "तेच हो, तुमच्यात काय फरक पडणार!" मग बाही बघायचं निमित्त करून टेप हळूच पोटावरून फिरवायचे, आणि कापताना कंबर वाढवायची ती वाढवायचे. पडद्यावर मात्र लग्नातलंच माप. गिऱ्हाईक कोट घालायचं, आरशात वळून वळून बघायचं आणि खूश होऊन जायचं: बघा, अजून तेच माप होतं मला! खरा आकडा मास्तरांच्या डोक्यात राहायचा.

हे सुनेला कसं सांगणार? जी सोमवारी कारखान्यात जाऊ शकते, तिच्या हाती अख्ख्या गावाची पोटं द्यायची?

अशा पेचात माणूस सापडला की त्याला एखादं तत्त्व हवं असतं. मास्तरांना ते वर्तमानपत्रात सापडलं. 'घुबड' निशाणीच्या दुसऱ्या एका कंपनीनं छत्रीवाल्यांवर दावा ठोकला होता. भांडण कशावरून, तर कात्रीवरून! मजकूर एका जागेवरून कापून दुसरीकडे चिकटवताना कॉम्प्युटरवर जी इवलीशी कात्री दिसते, ते चित्र म्हणे मूळचं घुबडवाल्यांचं. निकाल लागेपर्यंत छत्रीवाल्यांनी नव्या आवृत्तीतून कात्री काढली आणि तिथे पातं बसवलं. सुनेला हवा असलेला प्रोग्राम नेमका या नव्या आवृत्तीवरच चालणारा.

"पातं!" मास्तर गरजले. "हे शिंप्याचं दुकान आहे की न्हाव्याचं?"

शेजारचा न्हावी म्हणाला, पात्यात वाईट काय आहे? झालं, त्याच्याशी अबोला.

"ज्या घुबडांनी जन्मात बोटभर चिंधी कापली नाही, ते कात्रीवर मालकी सांगणार? आणि हे छत्रीवाले शेपूट घालून ती देऊन टाकणार? माझ्या दुकानात कात्रीशिवायचं अपडेट येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"कालपर्यंत छत्रीवाल्यांना शिव्या घालत होतात," सून म्हणाली.

"घरच्याला शिव्या घरच्यांनीच द्यायच्या. बाहेरचा चढून आला की आपण घरच्याच्या बाजूनं."

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मास्तर, आज मी नवा प्रोग्राम घालतेय. डॉक्टरांच्या जाकिटाची ट्रायल संध्याकाळी आहे. ते मीच कापते, तुम्ही बघा आणि मग काय ते सांगा."

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचे दंतवैद्य. त्यांचं कॉम्प्युटरमधलं माप मास्तरांना आठवलं. "थांब," ते म्हणाले, "मी आधी छत्रीवाल्यांना जाब विचारून येतो. तोवर कशाला हात लावू नकोस." कापणीची मोठी कात्री त्यांनी पिशवीत टाकली आणि बस पकडली. दुकानात दुसरी कात्री होती, तरी ती तोवर थांबेल अशी त्यांना आशा होती. आशेला काय जातं?

छत्रीवाल्यांचं दुकान सगळं काचेचं. दारात रखवालदार.

"पिशवीत काय आहे, आजोबा?"

"पुरावा."

"बाहेर काढा बघू."

काळ्या मुठीची हातभर कात्री बाहेर आली तसा रखवालदार एक पाऊल मागे सरला. "ही आत नेता येणार नाही. धारदार वस्तू आहे."

"अहो, जिच्यावरून तुमचे मालक कोर्टात भांडताहेत, ती हीच! तिलाच बंदी?"

"इथे जमा करा. टोकन देतो."

"टोकन? हिच्यावर माझ्या गुरूचा हात फिरलाय. ही काय चप्पल आहे, टोकन द्यायला?"

आवाज असा काही चढला की आतून काउंटरवरची मुलगी धावत आली. मास्तरांनी तिला शिंपीकुळाच्या वतीनं सगळा दावा ऐकवला, हातवाऱ्यांसकट. मुलगी भली. मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी हळूच म्हणाली, "काका, ते भांडण परवाच मिटलं."

"मिटलं? जिंकलं कोण?"

"कुणीच नाही. करार झाला. कात्री आता दोघांची. पुढच्या अपडेटमध्ये परत येईल." तिनं फोनवरचा फोटो दाखवला. छत्रीचे आणि घुबडाचे मालक गळ्यात गळे घालून हसत होते.

मास्तर फोटोकडे बघत राहिले. यांच्यासाठी आपण शेजाऱ्याशी बोलणं टाकलं! मग सवयीनं नजर खाली घसरली. "या घुबडवाल्याच्या कोटाचा डावा खांदा पडलाय," ते म्हणाले. "एवढा पैसा असून शिंपी धड मिळू नये?"

निघताना रखवालदारानं हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही शिंपी ना? हा गणवेश पोटावर ओढतोय बघा. माझं माप चुकलं का हो?"

मास्तरांनी एक नजर टाकली. "तुमचं माप ठीक आहे. कापड आटलंय."

रखवालदार असा उजळला की त्यानं स्वतः हात दाखवून बस थांबवली.

बसमध्ये मास्तरांना कळून चुकलं, की कात्री मिळाली आणि तत्त्व गेलं. आता लपायला पडदा उरला नाही. दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवतात तोच आतून आवाज आला: टर्र!

आरशासमोर डॉक्टर श्वास कोंडून उभे होते. अंगात कच्च्या टाक्यांचं जाकीट. पाठीचे टाके उसवले होते आणि टाचणी उडून डॉक्टरांच्या बायकोच्या पायाशी पडली होती. सून पांढरीफटक.

"माझं माप आहे ना तुमच्याकडे?" डॉक्टर कोंडलेल्या श्वासानंच म्हणाले.

"आहे ना!" सुनेनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. कंबर एकतीस. मी त्यावरच कापलंय."

"एकतीस?" डॉक्टरांची बायको पुढे वाकली. "एकतीस इंचांत तर यांचा टॉवेलसुद्धा गुंडाळला जाणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. दाढ उपटल्यावर पेशंटचा पडतो, तसाच. सोमवारी या माणसाला दंतवैद्यांच्या संमेलनात भाषण करायचं होतं.

मास्तर पिशवीसकट मध्ये घुसले. "अपडेट केलंस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"केलं, पण..."

"तरीच!" त्यांनी कपाळावर हात मारला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावा असा. "डॉक्टर, माफ करा. या अपडेटमध्ये सगळी मापं आटलीत. आत्ता छत्रीवाल्यांच्याच दुकानातून येतोय. तिकडे नुसता गोंधळ आहे, कात्रीसुद्धा जागेवर नाही!"

डॉक्टरांनी श्वास सोडला. उरलेले टाकेही उसवले, पण आता त्याची लाज नव्हती. "मी म्हणतच होतो! माझ्या दवाखान्यातलंही तेच. अपडेट झालं आणि एका बाईला बत्तीसचे चोवीस दात दाखवायला लागलं!"

"उद्या जाकीट घरपोच," मास्तर म्हणाले. "तुमच्या नेहमीच्या मापानं."

डॉक्टर ताठ मानेनं गेले. त्यांची बायको दारात क्षणभर थांबली, मास्तरांकडे बघून किंचित हसली आणि गेली.

मग सून बोलली. "मला गाढव ठरवलंत, मास्तर."

"तुला नाही. कॉम्प्युटरला."

"माप खोटं होतं. तुम्हाला माहीत होतं. किती जणांचं असं आहे?"

मास्तर उडालेली टाचणी उचलायला वाकले.

"सगळ्यांचं?" ती मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे सगळं दुकान तुमच्या डोक्यात, आणि मी इतके दिवस रिकाम्या डब्याची राखण करतेय. कात्रीचं ते भांडण वगैरे सगळं..."

"कात्रीचंही खरं होतं," मास्तर म्हणाले. "थोडं."

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? सांगितलं आणि तू कारखान्यात गेलीस, तर लोकांची झाकलेली पोटं तुझ्याबरोबर चालली."

"आणि नाही सांगितलं म्हणूनच मी चालले होते."

कोपऱ्यात कॉम्प्युटर धापा टाकत होता.

मास्तरांनी कात्री पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले. तिचं उत्तर त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सौदा झाला असता. "लिही," ते म्हणाले. "डॉक्टर. कंबर चाळीस. उभे असताना. भाषण बसून असेल तर बेचाळीस धर."

तिचं बोट पडद्यावर खाली फिरलं. "या प्रोग्राममध्ये खाली शेऱ्याची जागा आहे. ती फक्त आपल्याला दिसते. वर एकतीसच ठेवते."

"ठेव. वकीलसाहेब. छाती बेताची, पण कापसाचा हलका थर लागतो. त्यांना माहीत नाही. बायकोला माहीत आहे. पुढे..."

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आत आल्या. रुबाबदार बाई. त्यांना समारंभासाठी लांब कोट हवा होता. "माझं माप आहेच. तेच चालेल ना?" त्या बोलल्या, आणि आवाज किंचित खाली आला. "की बदललं असेल?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण सून आधीच उठली होती. "बदलेल कसं, बाई? तेच आहे. फक्त या हंगामात लांब कोट मोकळे घालायची पद्धत आलीय, तेवढी बाही बघून घेते. हात वर करा." टेप बाहीवरून निघाली आणि पाठीमागून अशी अलगद फिरून आली की बाईंना वाराही लागला नाही.

मास्तर थक्क झाले. 'मोकळे घालायची पद्धत'! हे वाक्य त्यांना आजवर कधी सुचलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि खोटं कशाला बोला, पोटात थोडं दुखलंही.

बाई गेल्यावर सुनेनं आकडा शेऱ्यात टाकला, फोन उचलला आणि कारखान्यात लावला. "नमस्कार. सोमवारपर्यंत कशाला थांबवू? मला जमणार नाही... नाही, पगार चांगलाच आहे... कारण?" तिनं मास्तरांकडे बघितलं. "कारण सांगता येत नाही हो. इथल्या गिऱ्हाइकांची खासगी बाब आहे."

फोन ठेवून तिनं खुर्ची पुढे ओढली.

"हं, मास्तर. पुढचं नाव पोस्टमास्तरांचं आहे. वर अठ्ठावीस दिसतंय. आता खरं सांगा."

"आधी तो दरवाजा लोटून घे," मास्तर म्हणाले.